उतार

सॉल्टब्रे पार्कचं मैदान तिरकं होतं.
उत्तरेच्या गोलपासून दक्षिणेच्या गोलपर्यंत
पुरुषभर उतार.
नाणेफेक जिंकली की आमचा कप्तान
आधी चढ मागून घ्यायचा.
पाहुणे हसायचे.
सत्तराव्या मिनिटाला चढ त्यांच्या वाट्याला यायचा
आणि हसू मोज्यांबरोबर घोट्यापाशी उतरायचं.

आता तिथे चव्वेचाळीस घरं आहेत.
मी तिथे टपाल टाकतो.
बिल्डरने, लाजेखातर की जाहिरातीखातर कोण जाणे,
गल्ल्यांना नावं दिलीत: टचलाइन लेन, कॉर्नर क्लोज.
कॉर्नर क्लोज कॉर्नरला नाही.
मी पावलं मोजलीत, पत्रांची पिशवी खांद्यावर घेऊन.
खरा कॉर्नर अकरा नंबरच्या कचऱ्याच्या डब्यापाशी.

नवं स्टेडियम हायवेला लागून.
नाव एका टायर कंपनीचं, तेही तीन वर्षांच्या करारावर.
गवत इतकं सपाट
की चेंडूला स्वतःचं काही मतच नाही.
मी जातो. जात नाही असं नाही.
शेजारी मर्डो, जुन्या पत्र्याखाली चौथ्या पायरीवर असायचा तोच.
तो अजून उभा राहतो.
पिवळ्या जाकिटातला पोरगा येऊन म्हणतो, आजोबा, बसा.
बसून शिव्या पोटातून येत नाहीत रे,
मर्डो त्याला समजावून सांगतो,
दर शनिवारी, न चिडता.

मैदान मारणं आम्हाला फारसं जमलं नाही कधी.
मैदान सोडणं एका सहीत जमलं.

एफी गिलख्रिस्टच्या नवऱ्याची राख
उत्तरेच्या खांबापाशी टाकली होती, एक्याण्णव साली.
माळ्याने पाठ फिरवली,
म्हणाला, गवताला चांगलीच असते.
विक्रीच्या कागदांवर फ्लडलाइटचे चार खांब होते,
रोलर होता, चहाचं पिंप होतं,
एकशेबारा फळ्या होत्या, पैकी नऊ मोडक्या.
रॉरी गिलख्रिस्ट नव्हता.

गोलरेषेवर आता चौदा नंबरचं स्वयंपाकघर आहे.
डानुता राहते तिथे, ग्दान्स्कहून आलेली.
फुटबॉलमधलं तिला काही कळत नाही.
पण नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी
ती मागचं दार नुसतं लोटून ठेवते
आणि वरच्या मजल्यावर जाऊन उगाच चादरी घालते.

एकदा पार्सल घेऊन गेलो तेव्हा पाहिलं.
एफी कोट न काढता
वॉशिंग मशीनसमोर उभी.
आत शाळेचे शर्ट गरगरत होते.
ती म्हणाली, तीन-एक, रॉरी. तिन्ही उताराकडे.

आम्ही त्या दिवशी चार-शून्यने हरलो होतो.
नंतर फाटकापाशी मी काही बोलायच्या आत
तीच म्हणाली,
तो काय पेपर वाचायला उठणार आहे?
आणि मफलर घट्ट करून निघाली,
दमाने, जिथे पूर्वी पेनल्टी बॉक्सची रेघ होती
तिथे किंचित थांबून.

जमीन लेव्हल केली आहे, असं घरांच्या माहितीपत्रकात छापलंय.
रोज सायकल ढकलणाऱ्या माझ्या पोटऱ्यांनी
ते माहितीपत्रक वाचलेलं नाही.

परवा डानुताच्या पोरीच्या हातातली पिशवी फाटली,
चौदा नंबरच्या दारात.
संत्री.
रस्त्यावर क्षणभर घुटमळली, मग निघाली
टचलाइन लेनमधून खाली,
पार्क केलेल्या गाड्यांना बगल देत,
दक्षिणेच्या गोलकडे,
दुसऱ्या हाफमध्ये निघायचो तशी.
पोरगी ओरडली, अडवा!

एक मी अडवलं. उजव्या पायाने.
बाकीची जाऊ दिली.